परगणे शरीराबाद आणि मोगलाईची हद्द

नकाशावर नसलेल्या देशात एखादा परका माणूस जाऊन पोहोचतो, तिथल्या चालीरीती पाहून चकित होतो, तिथल्या सरकारचे निर्बंध काही काळ सोसतो आणि अखेर मायदेशी परतून सारे सविस्तर सांगतो, अशा घडणीचे वाङ्मय गेली पाचशे वर्षे जगभर लिहिले गेले आहे. टॉमस मूर या इंग्रज पंडिताने १५१६ साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथातून 'यूटोपिया' हा शब्द रूढ झाला. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ 'कुठेच नसलेली जागा' असा होतो. १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात जोनाथन स्विफ्टचा गलिव्हर लिलिपुटला पोहोचला आणि त्यानंतर ही वाट रुळत गेली. या लेखनात निवेदक बहुधा पाहुणा असतो. मराठीत मात्र, आणि तेही आज ज्याला मराठवाडा म्हणतात त्या मुलखात, काल्पनिक देशाचे वर्णन करण्याची एक निराळी रीत चारशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाली होती. तिच्यात बोलतो तो सरकारी चाकर असतो आणि त्याचे बोलणे म्हणजे वरिष्ठांच्या सेवेशी धाडलेला अर्ज असतो. जुलमी राज्य ओळखण्यासाठी ही दुसरी रीत अधिक उपयोगी आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे, आणि ते पडताळून पाहण्यासाठी धाराशिव जिल्ह्याइतका बोलका मुलूख सापडणे कठीण आहे.

पाहुण्याच्या दृष्टीत एक मूळचा दोष असतो. त्याला जे जे अनोळखी वाटते ते सारे तो एकाच गाठोड्यात बांधतो, त्यामुळे लोकांची चालरीत कोणती आणि सरकारची बंदी कोणती हा भेद त्याच्या वर्णनात पुसला जातो. तुळजापूरचे उदाहरण घेतले तर हा दोष स्पष्ट दिसतो. तुळजाभवानीची मूर्ती चल, म्हणजे सिंहासनावरून हलवता येणारी आहे, आणि वर्षातून तीन वेळा ती उचलून पलंगावर निजवली जाते: भाद्रपदात घटस्थापनेपूर्वी, दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर आश्विनी पौर्णिमेपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी. देवीने युद्धाचा शीण घालवावा म्हणून निजायचे, तिच्यासाठी पलंग आणि पालखी नगरकडून वाटचाल करीत यायची, आणि तेवढे दिवस सिंहासन रिकामे राहायचे, हे सारे एखाद्या परदेशी प्रवाशाने आपल्या रोजनिशीत लिहिले तर वाचणाऱ्याला ते कल्पित देशाचेच वर्णन वाटेल. पण या चालीमागे कोणाचा हुकूम नाही, ती न पाळणाऱ्याला दंड नाही, आणि ती पाळणाऱ्या माणसाला तिचा अर्थ विचारला तर तो सांगताना त्याचा आवाज भीतीने खाली जात नाही. चालरीत कितीही अनोखी असली तरी तिच्यावरून राज्याची परीक्षा होत नाही. राज्याची परीक्षा होते ती परवानगीच्या कागदावरून: घराबाहेर पडायला, चार माणसे जमवायला, पोरांना शिकवायला कोणाची सही लागते आणि ती मागताना माणसाला किती वाकावे लागते, यावरून.

या कसोटीवर मूरचा आदर्श देश कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. तिथे खाजगी मालमत्ता नाही, सोन्याला किंमत नाही, कामाचे तास थोडे आहेत. परंतु एका नगरातून दुसऱ्या नगरात जायचे तर अधिकाऱ्याचे पत्र जवळ बाळगावे लागते, पत्रावाचून सापडणाऱ्याला शिक्षा होते आणि पुन्हा सापडल्यास गुलामी पत्करावी लागते. मूरच्या वाचकांचे लक्ष सोन्याच्या शौचपात्रांवर खिळते आणि हे पत्र नजरेआड होते, कारण पाहुण्याला स्वतःला त्याची झळ लागत नाही. उलट काशीचे संत रविदास यांनी कल्पिलेल्या 'बेगमपुरा' नगरीत, म्हणजे दुःख नसलेल्या नगरीत, खंडणी नाही, धाक नाही आणि रहिवाशांना हवे तिथे मोकळेपणी फिरता येते. ज्याच्या जातीला वाटा आणि वेशी रोज बंद होत्या त्याला मोकळ्या फिरण्याचे मोल आधी सुचावे हे स्वाभाविक आहे. स्विफ्टला यातले बरेच उमगले होते असे म्हणावे लागते, कारण लिलिपुटच्या राजाचे अधिकारी गलिव्हरचे खिसे तपासून प्रत्येक वस्तूची यादी करतात आणि राजमुद्रेच्या परवान्यावाचून त्याला देश सोडता येणार नाही असे कलम घालतात. त्या यादीच्या कोरड्या सरकारी भाषेत जे राज्य दिसते ते वीतभर उंचीच्या माणसांच्या वर्णनात दिसत नाही.

ही कोरडी सरकारी भाषा हीच काल्पनिक देशाची खरी माती आहे हे स्विफ्टच्या दीडशे वर्षे आधी ओळखले ते पैठणच्या एकनाथांनी. नाथांचा काळ साधारणपणे १५३३ ते १५९९ असा मानला जातो. पैठण त्या काळी अहमदनगरच्या निजामशाहीत होते, आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, त्यामुळे हिशेब, हजेरी, हुकूम आणि तलब यांचे वातावरण नाथांनी लहानपणापासून जवळून पाहिले होते. त्यांच्या भारुडांमध्ये 'अर्जदस्त' नावाचा एक प्रकार आहे. अर्जदस्त म्हणजे कनिष्ठ चाकराने वरिष्ठाला लिहिलेला फारसी वळणाचा विनंतीअर्ज. नाथांनी या सरकारी साच्यात मनुष्यदेहाचा एक अख्खा मुलूख उभा केला आहे. त्याचे नाव परगणे शरीराबाद, म्हणजे अनेक गावांचा एक महसुली विभाग; तिथे जिवाजी नावाचा शेकदार, म्हणजे परगण्याच्या वसुलीचा अधिकारी, आणि बुधाजी नावाचा कारकून नेमून आलेले आहेत. सरकारकाम सुरू करायला जावे तर गावचे जुने वतनदार ते चालू देत नाहीत. दंभाजी शेट्या आहे, कामाजी महाजन आहे, मनीराम देशमुख आहे. हिशेबाचे वतन सांभाळणारी ममताई देशपांडीण आहे, आणि क्रोधाजी नाईकवाडी, म्हणजे वसुलीसाठी माणसांना धरून आणणारा शिपाईगडी, कचेरीत धुमाकूळ घालतो आहे. म्हातारपण येते ते गावे ओसाड पडत चालल्याच्या बातमीच्या रूपाने, कारण डोळे, कान आणि दात हीच या परगण्याची गावे आहेत. वरून यमाजीपंतांची तलब केव्हाही येऊन ठेपेल ही धास्ती आहेच.

या रचनेत पाहुणा आणि रहिवासी यांची जी सांगड घातली आहे तिला तोड नाही. जिवाजी त्या परगण्यात बाहेरून आलेला आहे, म्हणून त्याला तिथला कारभार नवा आहे; पण तो हौसेने आलेला प्रवासी नाही, त्याची नेमणूक झाली आहे, आणि हुकूम सुटल्यावाचून त्याला निघता येत नाही. गलिव्हर सुटून जातो, मूरचा प्रवासी परत येऊन बागेत बसून गोष्ट सांगतो. जिवाजीला मात्र हिशेब द्यायचा आहे, आणि हिशेब जुळत नाही हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे तो चालीरीतींचे कौतुक करत बसत नाही. कोण आडवा येतो, कोण परभारे आपले काम साधून घेतो, कचेरीत कोण ठाण मांडून बसतो, हेच तो लिहितो. राज्याविषयी एवढे नेमके लिहिण्याची गरज ज्याला पळून जाता येत नाही त्यालाच पडते.

यावर एक रास्त आक्षेप येतो की अर्जदस्त हे आध्यात्मिक रूपक आहे, देहाभिमान आणि षड्रिपू हा त्याचा विषय आहे, त्याला राज्यशास्त्राच्या मापाने मोजणे म्हणजे नाथांच्या तोंडी न बोललेले शब्द घालणे होय. नाथांचा उद्देश भक्तीचा होता यात शंका नाही. तथापि रूपक ऐकणाऱ्याला उमजते ते त्यातली उपमा त्याच्या अनुभवाची असेल तरच. क्रोध हा नाईकवाडी आहे हे सांगितल्याबरोबर श्रोत्याला क्रोध समजतो, याचाच अर्थ नाईकवाडी दारात येऊन उभा राहिला की काय होते ते त्याला आधीपासून माहीत असते. म्हणून या भारुडातला परमार्थ नाथांचा असला, तरी त्यातली कचेरी सोळाव्या शतकातल्या रयतेची साक्ष आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो मान्य केला पाहिजे. या परगण्यात सारा दोष मधल्या वतनदारांचा आहे. ज्याच्या सेवेशी अर्ज जातो तो साहेब, म्हणजे परमेश्वर, दोषाच्या पलीकडे राहतो. परमार्थात ते योग्यच आहे, पण हीच मांडणी संसारात उतरली की 'राजा चांगला, कारभारी वाईट' ही समजूत तयार होते, आणि ती समजूत अर्ज लिहिणाऱ्याला आयुष्यभर अर्जच लिहायला लावते.

या समजुतीचा इतिहास धाराशिव जिल्ह्यात प्रत्यक्ष घडलेला आहे. हैदराबादचे निजाम मूळचे मोगल बादशहाचे सुभेदार, म्हणून त्यांच्या मुलखाला मराठीत 'मोगलाई' म्हणत; बार्शी-सोलापूरचा माणूस धाराशिवकडे सोयरिकीला निघाला की तो 'मोगलाईत' जाई. पुढे हाच शब्द अंदाधुंदीच्या कारभारासाठी वाक्प्रचारात शिरला आणि 'मोगलाई लागून गेली आहे काय' असे आजही पुण्यामुंबईत सहज विचारले जाते. शेजारचा खराखुरा मुलूख अशा रीतीने बोलीभाषेत काल्पनिक देश होऊन बसला, आणि त्या मुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्याच भाषेत आपले गाव शिवीसारखे ऐकावे लागले.

हद्दीवरचा अनुभव मात्र वाक्प्रचाराहून बारीक होता. बार्शी ब्रिटिश सोलापूर जिल्ह्यात होती, धाराशिव आणि तेर निजामाच्या राज्यात होते, आणि दोहोंकडे ज्वारीची तीच रानं, जात्यावरच्या त्याच ओव्या, पंढरीची तीच वाट. हद्द कळायची ती करोडगिरीच्या नाक्यावर. करोडगिरी म्हणजे निजाम राज्याचे जकातखाते. तिथे गाडी थांबली की पोती उतरत, माल तपासला जाई, आणि कनवटीचे नाणे बदलावे लागे, कारण पलीकडे ब्रिटिशांचा 'कलदार' रुपया चाले आणि अलीकडे निजामाचा 'हाली' रुपया, ज्याचे सात दिले तर सुमारे सहा कलदार येत. तारीखसुद्धा बदले. राज्याचे फसली साल, म्हणजे पिकाच्या हंगामावर बेतलेले वर्ष, ऑक्टोबरात आजूर महिन्यापासून सुरू होई आणि पुढे दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे महिने येत. दरबारी कामकाज उर्दूत चाले. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर मराठीत शेताची बांधबंदिस्ती सांभाळली, त्याला त्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. यातले नाणे आणि महिन्यांची नावे हा केवळ चालीचा भाग होता, त्यांचा कोणाला जाच नव्हता. न वाचता येणारा कागद हा मात्र कारभाराचा भाग होता, आणि खरी परकेपणाची भावना तिथून येत होती.

येथील रयतेने तर जागचे न हलता देश बदललेलेही पाहिले आहेत. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८६० साली तो पुन्हा निजामाकडे आला. त्या काळात नळदुर्गला कंपनीतर्फे नेमून आलेला अधिकारी म्हणजे मेडोज टेलर. पुढे १८६३ साली त्याने 'तारा' ही कादंबरी प्रसिद्ध केली. १६५७ सालच्या घडामोडींवर बेतलेल्या या कथेची नायिका तुळजापूरची आहे. टेलर हा एका अर्थाने जिवाजी शेकदारच होता: बाहेरून नेमलेला, परगणा नवा, वतनदार जुने. पण जिवाजीने जे लिहिले ते वरिष्ठाला हिशेब देण्यासाठी, आणि टेलरने जे लिहिले ते विलायतेतल्या वाचकांसाठी. त्याला या मुलखाविषयी आपुलकी होती हे त्याच्या लेखनावरून दिसते. तरीही देऊळ, विधवा, किल्ला आणि कट यांची जी सृष्टी त्याने उभी केली ती पाहुण्याचीच आहे, आणि तिच्यात कंपनीच्या वसुलीचा कागद कोठे दिसत नाही. तो कागद तर त्याच्या स्वतःच्या टेबलावर होता.

निजामी राजवटीची बंदी कशाने ओळखावी याचे उत्तर शेवटच्या निजामाच्या, म्हणजे मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत मिळते. त्यांच्याच नावावरून या जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव पडले होते. 'गश्ती निशान ५३' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकाने सार्वजनिक सभेला आगाऊ परवानगी आवश्यक ठरवली. गश्ती म्हणजे खात्याने सर्वत्र फिरवलेला हुकूम. एका परिपत्रकात किती देश मावतो हे या उदाहरणावरून समजते: सभा बंद म्हटले की भाषण बंद, वाचनालयाचा वार्षिक समारंभ संशयित, आणि गणेशोत्सवातले व्याख्यान पोलिसांच्या दफ्तरात. अशा मुलखात शाळा हेच राजकारण होते. जिल्ह्यातील हिप्परगे येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांनी तिथे अध्यापन केले. सत्यजित राय यांच्या १९८० सालच्या 'हीरक राजार देशे' या चित्रपटात कल्पित राजा पाठशाळा बंद करतो. हिप्परग्याचा इतिहास माहीत असलेल्याला ते दृश्य कल्पित वाटत नाही.

याच स्वामीजींच्या नेतृत्वाखालील चळवळीत 'राजा चांगला, कारभारी वाईट' ही नाथकालीन मांडणी कशी मोडत गेली ते पाहता येते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. तरीही त्या वेळची मागणी निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती मिळावी एवढीच होती. ती मागणी म्हणजे अर्जदस्तच होते, भाषा नवी इतकेच. १९४७ साली मागणी बदलली आणि भारतीय संघराज्यात विलीनीकरणाचा आग्रह सुरू झाला. साहेबाच्या सेवेशी अर्ज लिहिणे थांबले, आणि साहेब कोण असावा हे रयत ठरवील असे रयत म्हणू लागली. हा बदल घडवणारी माणसे बाहेरून आलेली नव्हती. टागोरांच्या १९३३ सालच्या 'ताशेर देश' या नाटकात पत्त्यांसारख्या नियमबद्ध माणसांच्या बेटावर एक राजपुत्र येऊन पोहोचतो आणि त्याच्या येण्याने तिथले नियम सैलावतात. पाहुणा मुक्ती देतो ही कल्पना मोहक आहे खरी, पण मराठवाड्याच्या इतिहासाला ती लागू पडत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीवर १९४७-४८ मध्ये छावण्या उभारून ज्यांनी करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले ते बहुतांशी त्याच मुलखातले, त्याच नाक्यांवर पोती उतरवून दिलेले लोक होते.

पाहुण्याच्या दृष्टीचा सर्वांत भीषण परिणाम मात्र मुक्तीनंतर दिसला, आणि तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते आणि निजामाच्या राजवटीसाठी लढणाऱ्या रझाकारांचा नेता कासिम रझवी तिथलाच वकील. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत आणि त्यांच्या आठवणी गावोगाव आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले त्याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती भारत सरकारने पाठवली. संपूर्ण राज्यात सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. मोगलाई हा सबंध देशच वाईट, मग त्यातला मोगलासारखा दिसणारा प्रत्येक माणूस सरकारच, हा गोंधळ इथे जिवावर उठला. मारल्या गेलेल्या विणकराने किंवा पिंजाऱ्याने गश्ती काढलेली नव्हती; करोडगिरीच्या नाक्यावर त्याचीही पोती उतरत होती. चालरीत आणि बंदी यांच्यात रेघ ओढायची असते ती एवढ्याचसाठी.

देश नाहीसा झाला तरी त्याचा कागद राहतो. १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृत झाले. त्याच वर्षी कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली गेली. कापडाच्या बासनाची गाठ सुटते, किडीने छिद्रे पाडलेले पान जपून उलटले जाते, आणि पणजोबाच्या नावासमोर कोणता शब्द लिहिला आहे यावर नातवाच्या जातीच्या दाखल्याचे भवितव्य ठरते. पान बहुधा उर्दूत असते किंवा मोडीत, साल फसली, महिना आजूर किंवा बहमन. खिडकीशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते वाचता येत नाही. गावात उर्दू जाणणारा एखादा म्हातारा मौलवी किंवा मोडीचा जाणकार शोधून, त्याच्याकडून तो आपल्याच पणजोबाचे नाव वाचून घेतो.